कावीळ न झालेला पक्षकार : खोट्या प्रतिज्ञापत्राचा दबाव आणि एका ज्युनिअरचा नकार

हे प्रकरण महाराष्ट्रातल्या एका जिल्हा न्यायालयातलं आहे. गाव, माणसं, मिळकतीचा तपशील आणि तारखा बदलल्या आहेत. तारखांमधलं अंतर मात्र तसंच ठेवलं आहे, कारण सगळा घोळ त्या अंतरातूनच झाला.

पार्श्वभूमी

ऑफिस दिवाणी कामाचं. पंचवीस वर्षांहून जास्त वकिली झालेले सिनिअर, दोन ज्युनिअर, एक जुना कारकून. या प्रकरणातली ज्युनिअर वीस महिन्यांच्या सनदेची, म्हणजे वकिलीचा परवाना मिळून वीस महिने झालेली. घरात वकिली करणारी ती पहिलीच, वडील शेतकरी. महिना ६,००० रुपये रोख मिळायचे. नेमणुकीचं पत्र नाही, पावती नाही. भारतीय वकील परिषदेने ऑक्टोबर २०२४ मध्ये काढलेल्या परिपत्रकात ज्युनिअरला शहरात किमान २०,००० आणि ग्रामीण भागात किमान १५,००० रुपये विद्यावेतन द्यावं, अशी शिफारस आहे. ती शिफारसच आहे, सक्ती नाही, आणि तालुका-जिल्ह्याच्या बारमध्ये तिचा विषयही कुणी काढत नाही.

पक्षकार एसटीतून निवृत्त झालेला. शेजाऱ्याने त्याच्यावर अतिक्रमण काढून ताबा मिळण्याचा दावा लावला होता. दोन घरांमधल्या पट्ट्यात पक्षकाराची पत्र्याची शेड होती. २० मार्चला दावा मंजूर झाला. पक्षकाराने त्याच आठवड्यात अपील करायला सांगितलं आणि ठरलेल्या २५,००० रुपयांपैकी १०,००० रुपये दिले. वकीलपत्रावर सिनिअरसोबत ज्युनिअरचंही नाव होतं. पुढच्या सगळ्या निर्णयांत ही गोष्ट महत्त्वाची ठरते, कारण नाव वकीलपत्रावर असेल तर तो पक्षकार तिचाही असतो. ‘मी फक्त ऑफिसात बसते’ असं म्हणून तिला हात झटकता येत नाहीत.

मुदत कशी चुकली

दिवाणी न्यायाधीशांच्या हुकूमनाम्यावर (निकालावरून निघणाऱ्या आदेशावर) जिल्हा न्यायालयात अपील करायला ३० दिवस मिळतात. निकालाचा दिवस धरायचा नाही. निकालाची नक्कल मिळवायला लागलेले दिवसही वगळायचे. ते अर्जाच्या दिवसापासून नक्कल तयार झाल्याच्या दिवसापर्यंतचे. तयार झालेली नक्कल आपण किती दिवसांनी उचलली, हे त्यात येत नाही. नकलेच्या मागे शिक्क्यात तिन्ही तारखा असतात : अर्ज, तयार, दिली.

इथे अर्ज २६ मार्चचा, नक्कल तयार ४ एप्रिलला. म्हणजे १० दिवस वगळायचे. ३० दिवस १९ एप्रिलला भरत होते, त्यात १० मिळवले की शेवटची तारीख २९ एप्रिल. कारकुनाने नक्कल उचलली ९ एप्रिलला आणि हिशोब त्याच तारखेपर्यंत केला. त्याचे १५ दिवस झाले आणि शेवटची तारीख निघाली ४ मे. न्यायालयाला उन्हाळी सुट्टी ३ मेपासून होती. मुदत सुट्टीत संपत असेल तर न्यायालय उघडेल त्या दिवशी अपील दाखल करता येतं, ही मुदत कायद्याच्या कलम ४ मधली तरतूद कारकुनाला तोंडपाठ. त्याने फाइलच्या पुठ्ठ्यावर पेन्सिलीने लिहिलं : ‘उघडल्यावर’. डायरीत नोंद नाही.

६ जूनला अपील दाखल करायला गेल्यावर फायलिंगच्या टेबलावर हरकत निघाली. मुदत सुट्टीच्या आधीच संपली होती, त्यामुळे कलम ४ चा आधार नाही आणि सुट्टीचे दिवससुद्धा विलंबात मोजले जाणार. विलंब ३८ दिवस.

ही चूक नवी नाही. ‘तयार’ आणि ‘दिली’ या दोन तारखांच्या गफलतीने अनेक अपिलं मुदतीबाहेर जातात. ३८ दिवसांचा विलंब दिवाणी अपिलात फार मोठा मानला जात नाही. खरं कारण लिहून विलंब माफीचा अर्ज देण्यासारखं हे साधं प्रकरण होतं. बिघडलं ते पुढे.

दबाव

९ जूनला सिनिअरने ज्युनिअरला मसुदा सांगितला. पक्षकाराला २५ एप्रिलपासून ५ जूनपर्यंत कावीळ होती, डॉक्टरांनी अंथरुणातून उठू नये असं सांगितलं होतं, म्हणून तो वकिलांना भेटू शकला नाही. ओळखीच्या डॉक्टरांचा दाखला संध्याकाळपर्यंत येणार होता. दावा घेताना पक्षकाराकडून सह्या करून घेतलेले कोरे लेजर पेपर फाइलला होतेच. प्रतिज्ञापत्र त्यावर टाइप करायचं, न्यायालयाच्या आवारातल्या नोटरीकडे न्यायचं आणि ‘प्रतिज्ञा करणाऱ्याला मी ओळखते’ या ओळीखाली ज्युनिअरने सही करायची. पक्षकाराला बोलावायची गरज नाही, असं सिनिअर म्हणाले.

ती म्हणाली, “सर, त्यांना कावीळ नव्हती. मेमध्ये ते दोनदा ऑफिसला येऊन गेलेत.”

त्यावर मिळालेलं उत्तर कायद्याबद्दल नव्हतं. वीस महिन्यांत दोन ओळी धड लिहिता येत नाहीत, कुणी उभं केलं याची आठवण ठेव, आणि शेवटी, “जेएमएफसीला बसायचंय ना तुला? तीन वर्षांचं सर्टिफिकेट कोण देणारे?” जेएमएफसी म्हणजे कनिष्ठ न्यायाधीशपदाची परीक्षा, आणि तिला तीन वर्षांच्या वकिलीचा दाखला लागतो.

हा अपमान त्या दिवशी सुरू झालेला नव्हता. आधीचे वीस महिने पाहिले की तो दिवस कळतो. पक्षकारांसमोर फाइल भिरकावणं, चुकीचा मसुदा बार रूममध्ये मोठ्याने वाचून दाखवणं, लाइट बिल भरायला आणि मुलाच्या शाळेत पाठवणं, रात्री दहाला फोन करून सकाळी आठला बोलावणं, तारखेला बाजू मांडायची वेळ आली की ऐनवेळी ‘तू मागे बस’. यातली एकेक गोष्ट घेतली तर बारमधला कुणीही म्हणेल, ‘आम्हालाही असंच शिकवलं.’ शिस्त आणि छळ यांतली रेषा शोधायची असेल तर एवढं पाहावं : बोलणं कामातल्या चुकीबद्दल आहे की माणसाच्या लायकीबद्दल, आणि ते चूक सुधारेल अशा जागी होतं की चारचौघांत. इथे दोन्हींची उत्तरं स्पष्ट होती.

खोटं प्रतिज्ञापत्र आणि छळ ही दोन वेगळी प्रकरणं समजली जातात. तशी ती नव्हती. वीस महिने जिला ‘तुला काही येत नाही’ असं ऐकवलं गेलं, ती आपली शंका हीच आपली चूक असं समजू लागते. अशा ज्युनिअरकडून सही काढायला धमकीसुद्धा लागत नाही. ऑफिसातल्या दुसऱ्या ज्युनिअरने आधीच्या वर्षांत ओळखीच्या अशा सह्या किती केल्या, हे त्यालाही आठवत नव्हतं.

छळाबद्दल न बोलणं हा फक्त आपल्या बारचा प्रश्न नाही. आंतरराष्ट्रीय बार असोसिएशनने २०१९ मध्ये १३५ देशांतल्या जवळपास ७,००० जणांची पाहणी प्रसिद्ध केली. त्यात दर दोन स्त्रियांपैकी एकीने आणि दर तीन पुरुषांपैकी एकाने कामाच्या ठिकाणी छळ सोसल्याचं सांगितलं, आणि निम्म्याहून अधिक प्रकरणांत तक्रारच झालेली नव्हती.

कोणते पर्याय होते

पहिला, सही करून मोकळं व्हायचं. इथे कायदा नीट समजून घ्यायला हवा, कारण बारमध्ये दोन्ही टोकांच्या समजुती आहेत. प्रतिज्ञा करणाऱ्याची ओळख पटवणारा वकील त्यातल्या मजकुराला आपोआप जबाबदार ठरत नाही. महाराष्ट्र व गोवा वकील परिषदेकडच्या एका तक्रारीतून गेलेल्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०२५ मध्ये हे स्पष्ट केलं आहे. म्हणून ‘नुसतं ओळखते लिहिलं तर काय होतं’ हा सिनिअरचा युक्तिवाद वरवर पटतो. पण ते संरक्षण मजकूर खरा की खोटा हे माहीत नसलेल्या वकिलाचं. इथे मजकूर खोटा आहे हे तिला माहीत होतं, आणि प्रतिज्ञा करणारा समोर नसताना तो समोर असल्याची सही ती करणार होती. न्यायालयीन कार्यवाहीत वापरण्यासाठी खोटा पुरावा तयार करण्याला भारतीय न्याय संहितेच्या कलम २२९ खाली ७ वर्षांपर्यंत कैद आहे. शिवाय वकील कायद्याच्या कलम ३५ खाली गैरवर्तणुकीची कारवाई वेगळी.

आणि असे कागद उघडे पडतात. नोटरीला नोंदवही ठेवावी लागते. त्यात क्रमांक, तारीख आणि हजर माणसाची सही असते. मागची तारीख घालायची तर त्या क्रमांकांत जागा नसते. डॉक्टरलाही दिलेल्या दाखल्यांची नोंदवही ठेवावी लागते, आणि समोरच्या वकिलाने डॉक्टरला उलटतपासणीला बोलावलं की पहिला प्रश्न त्या वहीचा असतो. या प्रकरणात तर तेवढं करायचीही गरज नव्हती. वादी भिंतीला भिंत लागून राहणारा शेजारी. कावीळ झालेला माणूस मेमध्ये पुतणीच्या लग्नात पंगतीला वाढत होता, हे त्याने डोळ्यांनी पाहिलं होतं.

दुसरा पर्याय, तोंडी नकार देऊन गप्प बसायचं. मग सही दुसऱ्या ज्युनिअरची होणार, अपीलावर नाव मात्र तिचं राहणार.

तिसरा, थेट वकील परिषदेकडे तक्रार. तक्रार दाखल करून घेण्याजोगी वाटली तर परिषद ती शिस्तपालन समितीकडे पाठवते. ताकीद, काही काळ सनद निलंबित करणं किंवा पटावरून नाव काढणं, इथपर्यंत शिक्षा होऊ शकते. तक्रार एका वर्षात निकाली काढावी, असं कायदा म्हणतो. पण ९ जूनला खोटा कागद अजून दाखल झालेला नव्हता, पुरावा म्हणजे तिचं एकटीचं म्हणणं, आणि पक्षकाराच्या विलंबात रोज एक दिवस वाढत होता. तक्रारीने त्याचं अपील दाखल होणार नव्हतं.

चौथा, छळाविरुद्ध वेगळी दाद. इथे कायद्यात पोकळीच आहे. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाचा २०१३ चा कायदा लैंगिक छळापुरता आहे, आणि इथली वागणूक त्यात बसत नव्हती. ज्युनिअर कामगार कायद्यातली ‘कामगार’ नाही. वकील संघाकडे ज्युनिअरच्या तक्रारींसाठी काही व्यवस्था असेल तर ती अध्यक्षांच्या स्वभावावर चालते.

पाचवा, ऑफिस सोडायचं. पण नुसतं जाणं बंद करून वकीलपत्र सुटत नाही. पक्षकाराने किंवा वकिलाने सही करून लेखी दिल्यावर, न्यायालयाच्या परवानगीनेच ते संपतं. वकील परिषदेचे नियमही पुरेसं कारण आणि पक्षकाराला योग्य सूचना मागतात. या ऑफिसच्या ४३ प्रकरणांत तिचं नाव होतं.

सहावा पर्याय तिला त्या रात्री सुचला नाही, दुसऱ्या दिवशी दुसऱ्या कार्यालयातल्या एका ज्येष्ठ वकिलाने सुचवला : नकारासोबत खरा मसुदा तयार करून पुढे ठेवायचा.

काय केलं

त्या ज्येष्ठांना भेटताना तिने पक्षकाराचं नाव, गाव, दाव्याचा क्रमांक काहीच सांगितलं नाही, फक्त प्रसंग सांगितला. हे बरोबर होतं. पक्षकाराची गोपनीयता सिनिअरशी भांडण झालं म्हणून संपत नाही. भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम १३२ मध्ये बेकायदा हेतूने झालेल्या बोलण्याला संरक्षण नाही हे खरं. पण इथे बेकायदा हेतू सिनिअरचा होता, पक्षकाराला कशाचा पत्ताच नव्हता. म्हणून त्याचं गुपित जपणं आणखी गरजेचं होतं.

१० जूनला तिने सिनिअरच्या खाजगी नंबरवर संदेश पाठवला :

“सर, अपीलासोबतच्या विलंब माफीच्या अर्जाबाबत. पक्षकार एप्रिल-मेमध्ये आजारी नव्हते अशी माझी माहिती आहे. त्यामुळे त्या आशयाच्या प्रतिज्ञापत्रावर ओळखीची सही मला करता येणार नाही. मुदत मोजताना ऑफिसकडून चूक झाली, हे खरं कारण देऊन मसुदा केला आहे. नकलेच्या मागच्या तारखांवरून चूक दिसते. मसुदा आपल्या टेबलावर ठेवला आहे. आपण सांगाल ते बदल करते.”

हा संदेश नीट वाचण्यासारखा आहे. आरोप नाही, ‘खोटं’ हा शब्द नाही, कायद्याची कलमं नाहीत. काय करणार नाही, का करणार नाही आणि त्याऐवजी काय तयार आहे, एवढंच. पुढे तो कुणाच्याही हातात पडला तरी तिला लाज वाटावी असं त्यात काही नव्हतं.

मसुद्यालाही भक्कम आधार होता. वकिलाच्या चुकीची शिक्षा निर्दोष पक्षकाराला होऊ नये, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८१ मध्ये रफिक विरुद्ध मुन्शीलाल मध्ये सांगितलं. विलंबाच्या अर्जांकडे न्याय्य आणि उदार नजरेने पाहावं, हे १९८७ च्या काटिजी निकालात आलं. वकिलावर खापर फोडलं की विलंब माफ होतोच असं नाही, असंही नंतरच्या निकालांत म्हटलं आहे. म्हणून चूक नेमकी कोणती ते दाखवावं लागतं. इथे ती शिक्क्यातच होती.

सिनिअरला हा मसुदा का नको होता, हे उघड आहे. ‘माझ्या ऑफिसची चूक’ असं न्यायालयात लिहून द्यायचं. वकिलाची सेवा ग्राहक संरक्षण कायद्याखाली येत नाही हे सर्वोच्च न्यायालयाने मे २०२४ मध्ये ठरवलं असलं, तरी निष्काळजीपणाबद्दल दिवाणी दावा होऊ शकतो. आणि त्याहून मोठी भीती नावाची : बारमध्ये लोक काय म्हणतील.

पुढचे बारा दिवस ठरल्यासारखे गेले. रोजच्या बोर्डाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमधून तिला काढलं. बसायची खुर्ची कारकुनाच्या टेबलाजवळ गेली. ‘ऑफिसच्या गोष्टी बाहेर सांगते’ हे बार रूममध्ये पसरलं. मे आणि जूनचे मिळून १२,००० रुपये दिले नाहीत. दुसऱ्या ज्युनिअरला ओळखीची सही करायला सांगितलं तेव्हा मात्र तो टाळाटाळ करू लागला. संदेश त्याच्याही कानावर आला होता. या कागदाबद्दल कुणीतरी लेखी आक्षेप घेतला आहे हे कळल्यावर तो कागद कुणालाच हातात धरवेना. नकार तोंडी राहिला असता तर हे घडलं नसतं.

१६ जूनला पक्षकार स्वतःच आला. दरखास्तीत (हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीच्या अर्जात) ताब्याचं वॉरंट निघाल्याचं त्याला कळलं होतं. सिनिअर न्यायालयात होते. टेबलावरचा टाइप केलेला कागद पाहून त्याने विचारलं, “मॅडम, ही कावीळ कोणाला झालीय?”

ती म्हणाली, “काका, वाचल्याशिवाय कशावरही सही करू नका. अपीलाची तारीख ऑफिसकडून चुकली आहे. तसं खरं लिहून अर्ज देता येतो.” सिनिअरबद्दल ती एक शब्दही बोलली नाही. दुसरा वकील सुचवला नाही. या दोन्ही गोष्टींमुळे ‘पक्षकार फोडला’ हा आरोप नंतर टिकला नाही.

त्याने फाइल मागितली. सिनिअर म्हणाले, उरलेले १५,००० द्या. फी बाकी आहे म्हणून वकिलाला पक्षकाराचे कागद अडवून ठेवता येत नाहीत. आर. डी. सक्सेना प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००० मध्ये हे स्पष्ट केलं आहे. फी हवी तर दावा करावा. वकील संघाच्या अध्यक्षांनी मध्यस्थी केल्यावर २१ जूनला फाइल आणि नव्या वकीलपत्रावर ना हरकत सही मिळाली. सह्या केलेले कोरे कागद परत मागायचं कुणाच्या लक्षात आलं नाही. ते आठवडाभराने मागून घेतले आणि पक्षकाराने स्वतः फाडले.

परिणाम

नव्या वकिलाने २७ जूनला अपील आणि विलंब माफीचा अर्ज दाखल केला. विलंब आता ५९ दिवसांचा होता. ज्युनिअरने फक्त मुदतीच्या हिशोबापुरतं प्रतिज्ञापत्र दिलं. वादीने आपल्या से मध्ये (अर्जावरच्या लेखी म्हणण्यात) निष्काळजीपणाचा मुद्दा घेतला, पण शिक्क्यावरच्या तारखांना उत्तर देण्यासारखं काही नव्हतं. साडेतीन महिन्यांनी ३,००० रुपये कॉस्ट (खर्च) भरण्याच्या अटीवर विलंब माफ झाला. अपील चालू आहे.

शेड मात्र वाचली नाही. ऑगस्टमध्ये बेलीफ आला आणि पत्रे उतरले. विलंब माफीचा अर्ज प्रलंबित असताना, अपील ऐकायचं की नाही हे ठरेपर्यंत अपील न्यायालयाने अंमलबजावणीला स्थगिती देऊ नये, असं दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ४१ नियम ३अ मध्येच आहे. अपील जिंकलं तर कलम १४४ खाली ताबा परत मागता येईल, पण माणसाने उभं राहून आपली शेड उतरताना पाहिली ती पाहिलीच.

यावरून बारमध्ये म्हटलं गेलं की तिच्या तत्त्वापायी पक्षकाराचं नुकसान झालं. हे चुकीचं आहे. तोच नियम कावीळ लिहिलेल्या अर्जालाही लागला असता. खोट्या कारणाने स्थगिती लवकर मिळणार नव्हती, एक दिवससुद्धा नाही. उलट लग्नाचे फोटो से सोबत लागले असते, तर खोट्या प्रतिज्ञापत्राबद्दल पक्षकाराच्याच विरुद्ध कारवाईचा अर्ज झाला असता. त्या कागदाचा फायदा एकाच माणसाला होता : ज्याच्या ऑफिसची चूक झाकली जाणार होती त्याला.

ज्युनिअर आता दुसऱ्या कार्यालयात बसते. १२,००० रुपये मिळाले नाहीत. सर्टिफिकेटची धमकी मात्र फुसकी निघाली. सर्वोच्च न्यायालयाच्या २० मे २०२५ च्या निकालाप्रमाणे तीन वर्षांच्या वकिलीचा दाखला ज्या न्यायालयात वकिली केली त्या न्यायालयाचे प्रमुख न्यायिक अधिकारी देऊ शकतात, किंवा दहा वर्षांची वकिली झालेले त्याच न्यायालयातले कोणतेही वकील देऊ शकतात आणि त्यावर प्रमुख न्यायिक अधिकाऱ्याचं प्रमाणन लागतं. म्हणजे तो एका विशिष्ट सिनिअरच्या मुठीत नाही. ही साधी माहिती ९ जूनला तिच्याकडे असती तर ती रात्र वेगळी गेली असती. ज्युनिअरने वकीलपत्रांच्या प्रती आणि आपली हजेरी नोंदलेले रोजनामे पहिल्या महिन्यापासून जमवत जावेत. दाखला कोणीही दिला तरी आधार त्यांचाच असतो.

वकील परिषदेकडे तिने तक्रार केली नाही.

काय वेगळं करता आलं असतं

खरा मसुदा ६ जूनलाच, हरकत निघाली त्या दुपारी तयार करता आला असता. तेव्हा कावीळ कुणाच्या डोक्यात नव्हती. चूक उघडी पडून उपाय समोर नसतो, त्या मधल्या दोन-तीन दिवसांतच खोट्या कारणाला जागा मिळते. ज्युनिअरला सर्वात मोठा वाव इथे होता आणि तो गेला.

दुसरी चूक : १० जूनला तिने कावीळ लिहिलेल्या मसुद्याचा आणि सह्या केलेल्या कोऱ्या कागदांचा फोटो आपल्या फोनमध्ये काढला. पुरावा म्हणून काढला, हे समजण्यासारखं आहे. पण ते पक्षकाराच्या फाइलमधले कागद होते. आपल्या वहीत त्याच दिवशी तारीख-वेळ घालून केलेली नोंद आणि पाठवलेला संदेश पुरेसे होते. फोटोंमुळे ‘फाइल चोरली’ असं म्हणायला सिनिअरला निमित्त मिळालं असतं.

तिसरी : पक्षकाराला चूक कळायला १६ जून उजाडला, तेही तो स्वतः आला म्हणून. सिनिअरने दोन दिवसांत मसुदा नाकारल्यावर तिने ‘पक्षकाराला मुदतीबद्दल कळवणं आवश्यक आहे, आपण कळवता की मी कळवू?’ असं विचारायला हवं होतं. वकीलपत्रावर नाव असलेल्या वकिलाला तेवढा अधिकार आहे, आणि ते कर्तव्यही आहे.

तक्रार न करण्याबद्दल मतं वेगळी असू शकतात. खोटा कागद दाखल झाला नाही, पक्षकाराला तक्रार नको होती, आणि एका ज्युनिअरने एकटीने वर्षभर हेलपाटे घालावेत असं म्हणणं दुरून सोपं आहे. तरी कोऱ्या कागदांवरच्या सह्यांची पद्धत त्या ऑफिसात चालूच आहे, आणि तिथे आता नवी ज्युनिअर आहे. निदान वकील संघाला लेखी कळवायला हवं होतं. अध्यक्षांनी मध्यस्थी केली ती फाइलपुरती. छळाचा विषय निघालाच नाही, कारण तो कागदावर कुणी मांडला नव्हता.

सिनिअरच्या बाजूनेही हे वेगळं घडू शकलं असतं. ९ जूनला पक्षकाराला बोलावून ‘आमच्याकडून तारीख चुकली, अर्ज आम्ही फी न घेता चालवतो’ एवढं म्हटलं असतं तर बहुधा पक्षकारही राहिला असता आणि ज्युनिअरही. अपील ४१ दिवसांच्या विलंबाने दाखल झालं असतं, ५९ च्या नाही.

नव्या वकिलाच्या कार्यालयात आता मुदतीची वेगळी वही आहे. प्रत्येक अपिलासाठी पाच रकाने : निकाल, नक्कल अर्ज, नक्कल तयार, शेवटची तारीख, हिशोब तपासणाऱ्या दुसऱ्या माणसाची सही. ‘दिली’ या तारखेला रकाना मुद्दाम ठेवलेला नाही. ४३ पैकी ३२ प्रकरणांत ज्युनिअरने वकीलपत्रातून मुक्त होण्याची पुरसिस (लेखी निवेदन) देऊन परवानगी घेतली आहे. अकरा प्रकरणांत तिचं नाव अजून तसंच आहे, आणि त्यांच्या तारखा ती स्वतः ई-कोर्ट्सवर रोज सकाळी पाहते.